पायी वारीसाठी बूट कोणते घ्यावेत? (आळंदी ते पंढरपूर, साधारण २५० किमी)

नीराकाठ

ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाला अजून दोन महिने आहेत, म्हणून धागा आत्ताच काढतेय. बूट शेवटच्या आठवड्यात घेतले तर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

आधी वाट बघू, कारण बूट वाटेवरून ठरतो. आळंदीपासून वाखरीपर्यंत जवळपास सगळं डांबर नाहीतर काँक्रीट. पालखी महामार्गाचं रुंदीकरण झाल्यापासून काँक्रीट वाढलंय. खरी चढण एकच, दिवे घाटाची, आणि ती नेमकी पुणे-सासवड या सगळ्यात लांब टप्प्यात येते. तो टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास जातो. सासवड-जेजुरीपर्यंत पावसात भिजायची तयारी ठेवायची, फलटणच्या पुढे मात्र कधी कधी चांगलंच ऊन तापतं.

थोडक्यात, सपाट आणि कठीण रस्त्यावर ओल्या पायांनी रोज १५ ते ३० किमी. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. इथे हजारो पावलं तळव्याच्या त्याच जागेवर पडतात. म्हणून टाचेखाली आणि चवड्याखाली पुरेशी गादी हवी, बोटांना मोकळी जागा हवी, टाच हलू न देणारा मागचा भाग हवा आणि आत गेलेलं पाणी बाहेर सोडणारी जाळी हवी. हे चारही गुण रस्त्यावर पळायच्या साध्या बुटात मिळतात. "लांब चालायचंय" म्हटलं की दुकानदार घोट्यापर्यंतचा ट्रेकिंग बूट पुढे करतो. तो एकेक ५०० ते ७०० ग्रॅमचा, पळायचा बूट २५० ते ३०० ग्रॅमचा. कडक रबर आणि खोल खाचा घसाऱ्यावर कामाच्या आहेत, डांबरावर ते पायाला नुसतं ओझं.

दुकानात तीन गोष्टी हाताने तपासा. टाचेमागचा कप अंगठ्याने दाबा. तो सहज आत चेपला तर बूट ठेवून द्या. मग बूट टोकाला आणि टाचेला धरून वाकवा. जिथे आपली बोटं वाकतात तिथेच, म्हणजे चवड्यापाशी, तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर कमानीला आधार मिळणार नाही. शेवटी कपडा पिळतो तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, पण त्याची दोरी होऊ नये.

मापाबद्दल दुसऱ्या कुणी सविस्तर लिहा.

शिलाई

मापाचं मी लिहितो. चामड्याच्या आणि बुटांच्या व्यवसायात आहे.

पाय संध्याकाळी मोजायचा, दिवसभराच्या वावरानंतर, आणि उभं राहून. बसून मोजला तर पंजा पसरत नाही आणि माप कमी येतं. कोरा कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावा, पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचा एक मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं. मोजायचं ते त्याच्या टोकापर्यंत.

भारतात बुटावर जो नंबर असतो तो बहुधा ब्रिटिश मापाचा. त्यात एका पूर्ण नंबरात साडेआठ मिलिमीटरचा फरक, अर्ध्या नंबरात सव्वाचार. युरोपी नंबरात एका घराला पावणेसात मिलिमीटरच्या जरा खाली. पण कंपन्यांचे साचे वेगवेगळे, त्यामुळे "मी आठ नंबरचा" हे वाक्य सोडून द्या. जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असतो, तो आपल्या कागदावरच्या मापाशी ताडून बघा.

उभं राहिल्यावर लांब बोटाच्या पुढे १० ते १२ मिमी मोकळं हवं. बाहेरून चाचपून फसगत होते, कारण काही बुटांचं नाक कडक असतं. त्यापेक्षा आतलं इनसोल काढा, जमिनीवर ठेवा, त्याच्यावर मोजा घालून उभे राहा. पुढे किती जागा उरते आणि करंगळी कडेबाहेर सांडते का, हे तिथे डोळ्यांना दिसतं. करंगळी बाहेर सांडत असेल तर लांबी वाढवून प्रश्न सुटत नाही. मोठ्या नंबरचा बूट चवड्यापाशी जेमतेम सैल होतो, टाच मात्र खुळखुळते आणि मग टाचेला फोड. अशांनी रुंद साचाच मागायचा. पुरुषांच्या बुटात डी ही नेहमीची रुंदी, २ई रुंद आणि ४ई जास्त रुंद. बायकांच्या बुटात बी नेहमीची आणि डी रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पायांची मापं घेतली, त्यातही आपले पंजे रुंद असल्याचंच दिसलं. परदेशी साच्याचा बूट पुष्कळांना करंगळीपाशी चावतो तो त्यामुळे.

मेघा_कु

शिलाईदादा, बायकांचं एक विचारायचंय. रुंद साचा बायकांच्या विभागात मिळतच नाही. चार-पाच नंबरच्या पुढे रंगच तेवढे बदलतात.

शिलाई

ताई, सरळ पुरुषांच्या नाहीतर मोठ्या मुलांच्या विभागात जा. ब्रिटिश नंबर दोघांना एकच धरला जातो, म्हणजे बायकांचा ५ आणि मुलांचा ५ लांबीला सारखाच असतो, आणि मुलांचा साचा पंज्यात रुंद. फक्त टाच सैल पडते का ते बघा, बायकांची टाच तुलनेने निमुळती असते. सैल वाटली तर लेसचं टाचबंद करा: सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस बाहेरून आत घेऊन छोटा फास ठेवायचा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओवायची आणि खाली ओढून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही आणि पुढची लेस सैल ठेवता येते.

लेबलवर अमेरिकन नंबर असेल तर मात्र बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा असतो, तिथे गल्लत करू नका.

कातळकडा

नीराकाठ ताई, ट्रेकिंगच्या बुटांना एकदम मोडीत काढू नका. पुण्या-मुंबईच्या अर्ध्याअधिक लोकांकडे सह्याद्रीत घालायचे बूट असतातच. नवा खर्च नको म्हणून तेच वारीला न्यावेत का, हा रास्त प्रश्न आहे.

नीराकाठ

रास्त आहे. कापडी, घोट्याखालचे, वाकणारे असतील आणि त्यात सलग दोन दिवस वीस-वीस किमी डांबरावर चालून काही दुखलं नाही, तर न्या. पण जुने असतील तर शिलाई यांना विचारून मगच.

शिलाई

सह्याद्रीवाल्यांनी हे नीट वाचा. बुटाचा मधला थर, ज्याला मिडसोल म्हणतात, तो बहुधा ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा किंवा पॉलियुरेथेनचा असतो. ईव्हीए वापराने दबतं आणि कडक होतं. पॉलियुरेथेन दमट हवेत नुसतं पडून पडून आतून कुजतं. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आणि चार वर्षं कपाटात ठेवलेला बूट घालून निघालं की पहिल्याच दिवशी तळ भुगा होऊन निखळतो. डिंक लावून हे थांबत नाही, कारण चिकटवायला खाली घट्ट थरच उरलेला नसतो. मिडसोलच्या कडेला नख दाबून बघा. पीठ सुटलं, भेगा दिसल्या किंवा खळगा पडून तो तसाच राहिला, तर तो बूट बाद.

पळायच्या बुटाची गादी साधारण ५०० ते ८०० किमी टिकते. ज्यात आधीच ५०० झालेत तो घेऊन अडीचशेच्या वारीला निघू नका. तळाच्या खाचा शाबूत असल्या तरी गादी गेलेली असू शकते. सपाट टेबलावर ठेवून मागून बघा, बूट एका बाजूला कलला असेल तर त्याचं आयुष्य संपलं.

रानवारा

पाऊस आहे तर वॉटरप्रूफ बूट का नको? गोअर-टेक्सवाले?

दिवेघाट

वारीत नको. पाणी वरून, घोट्याकडून शिरतं. पँटवरून, नऊवारीच्या ओच्यावरून पाणी मोज्यात उतरतं, ते मोज्यातून बुटात. मग जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तोच ते बाहेरही सोडत नाही. दिवसभर पाय आंबतो, तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ होते आणि मऊ कातडीला फोड लवकर येतात. असा बूट रात्रीतून वाळतही नाही. जाळीचा बूट भिजतो, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीत बरंचसं पाणी पिळून बाहेर टाकतो.

पाणी अडवण्यापेक्षा कातडी कोरडी करायची सोय बघा. मोजे सुती नकोत, सुती मोजा पाणी धरून बसतो आणि घडी पडून घासतो. नायलॉन-पॉलिएस्टर मिश्रणाचे किंवा मेरिनो लोकरीचे पातळ मोजे घ्या, चार जोड्या. त्यातली एक जोडी रोजच्या खांद्यावरच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये हवीच. कारण बाकीचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि ट्रक मुक्कामालाच भेटतो. दुपारच्या विसाव्याला बूट काढा, पाय पुसा, पंधरा-वीस मिनिटं उघडे ठेवा, मोजे बदला. ओले मोजे पिशवीला बाहेरून लटकवा. बोटं एकमेकांना घासत असतील तर पाच बोटांचे मोजे घ्या, मात्र त्यासाठी पंज्यात थोडी जास्त जागा लागते.

बोटांच्या बेचक्यांत रात्री बुरशीची पावडर. चिखल्या झाल्या की उत्तमातला उत्तम बूटही चालू देत नाही.

बूट वाळवायचे असे: लेस पूर्ण सैल, जीभ बाहेर, इनसोल काढून वेगळं. आत वर्तमानपत्राचे बोळे. तासाभराने ओले बोळे फेकून नवे कोंबा, झोपताना पुन्हा एकदा बदला. गॅसच्या शेगडीपाशी ठेवू नका, डिंक सुटतो.

मेघा_कु

फ्लोटर्स आणि चपलांवर कुणी बोललंच नाही. निम्मी दिंडी त्यांतच असते.

दिवेघाट

ज्यांना बारा महिने चपलेत चालायची सवय आहे, त्यांनी चप्पल सोडून बूट घालू नये. त्यांच्या टाचेची कातडी जाड, बोटं पसरलेली, बूट त्यांना कोंडतो. तरी चपलेची एक अडचण राहते. मागे पट्टा नसला की ती प्रत्येक पावलाला बोटांनी धरून ठेवावी लागते. दिवसाला वीस किमी असं धरून चाललं की बोटांत आणि पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून मागे पट्टा असलेले फ्लोटर्स, तिन्ही पट्टे स्वतंत्र सैल-घट्ट होणारे. पट्ट्याच्या आतली बाजू बोटाने चाचपा, शिवण टोचत असेल तर ती तिसऱ्या दिवशी रक्त काढेल. चिखलातली बारीक रेती पट्ट्याखाली बसून सँडपेपरसारखी घासते, त्यामुळे पाणी दिसेल तिथे पट्टे धुवा.

शहरातल्या, वर्षभर बूट-मोजे घालणाऱ्यांनी मुख्य जोड बुटांचाच ठेवावा आणि फ्लोटर्स दुसरा जोड म्हणून. नीरा नदी, चिखलाचा तळ, पहाटेची अंघोळ, मुक्कामावरचं फिरणं, सगळं फ्लोटर्सवर. एखादा टप्पा त्यांत चाललात तर चांगलंच, दाब पडायच्या जागा बदलतात.

फिजिओ_अ

तळवे सपाट आहेत म्हणून "आधाराचा" बूट हवाच का, हा प्रश्न नेहमी येतो. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून बूट ठरवायची पद्धत फार भरवशाची नाही. सपाट तळव्याच्या कित्येक लोकांना आयुष्यभर काहीच दुखत नाही. विचारायचं ते हे: सलग चालल्यावर घोट्याच्या आतल्या बाजूला, नडगीच्या आतल्या कडेला किंवा गुडघ्याच्या आत दुखतं का? दुखत नसेल तर साधा, स्थिर, आरामदायी बूट पुरे. दुखत असेल तर आतल्या बाजूला मिडसोल थोडा कडक असलेला बूट घालून बघा.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाच ठणकत असेल तर तो तळव्याच्या पडद्याचा त्रास. त्यावर बुटाइतकाच पोटऱ्यांच्या ताणाचा व्यायाम महत्त्वाचा, आणि तो आजपासून. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद. मग तेच गुडघा किंचित वाकवून. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, रोज.

आणखी एक आकडा बघा, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. पळायच्या बहुतेक बुटांत तो ८ ते १२ मिमी असतो. हल्ली ४ मिमी किंवा अगदी सपाट बूटही मिळतात. टाचेची उंची कमी झाली की टाचेमागच्या शिरेवर आणि पोटरीवर ताण वाढतो. आजवर उंच टाचेचेच बूट वापरले असतील तर दोन महिन्यांत सपाटावर येऊ नका.

फार जाड गादीचे, ३५-४० मिमीचे बूटही सगळ्यांना मानवत नाहीत. डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथे दोन-चार इंचांची पायरी असते. गर्दीत कडेला ढकललं गेलं की मऊ, उंच बुटात घोटा मुरगळतो. डोक्यावर तुळस घेणाऱ्या बायकांना तर पायाखाली बघताच येत नाही. त्यांनी मध्यम जाडीचा, रुंद तळाचा बूट घ्यावा.

बाजारातलं तयार इनसोल घालणार असाल तर बुटात आधीचं आहे ते काढून घाला, एकावर एक नको. टाच वर उचलली जाते आणि कपातून निसटते. पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तासच. कमानीखाली दाब जाणवला तर चालेल, दुखलं तर ते इनसोल तुमचं नाही.

रानवारा

आईला मधुमेह आहे, बारा वर्षं. तिची अनवाणी जायची इच्छा आहे.

फिजिओ_अ

अनवाणी नको, याला पर्याय नाही. मधुमेहात तळव्याची संवेदना हळूहळू जाते आणि ज्याची गेली त्याला ते कळत नाही. तापलेल्या डांबराने भाजलेलं, खडा रुतलेला, फोड फुटलेला, काहीच जाणवत नाही आणि जखम चिघळते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून नायलॉनच्या तंतूने तळव्याची संवेदना तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी निघाली तर चालायचं की नाही आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील.

परवानगी मिळाली तर आत कुठेही शिवण नसलेला, पंज्यात उंच आणि रुंद बूट घ्या. चप्पलच घालायची असेल तर एमसीआर रबराची (आत बारीक छिद्रं असलेलं मऊ रबर), मागे पट्टा असलेली. अंगठ्याची चप्पल नको, ती बेचक्यात कापते आणि नकळत पायातून निसटते. मोजे पांढरे घ्या, रक्त किंवा पू लगेच दिसतो. बूट घालण्याआधी दर वेळी हात आत घालून खडा, सुटलेला दोरा, मुडपलेलं इनसोल तपासायचं. रात्री दुसऱ्या कुणीतरी विजेरीच्या उजेडात तळवे आणि बेचक्या बघायच्या. मुक्कामी गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत.

माउलींच्या दर्शनापुरते, मऊ स्वच्छ जागी, बूट काढता येतील. आईंना तसं सांगून बघा.

मेघा_कु

फोड आलाच तर? सुईने फोडावा की नाही यावर घरात दोन तट आहेत.

दिवेघाट

फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, चुणचुणते. तिथेच थांबायचं. दिंडी पुढे जाते म्हणून लोक थांबत नाहीत आणि पुढचे चार दिवस लंगडतात. जागा पुसून कोरडी करा आणि मायक्रोपोरची कागदी पट्टी किंवा ल्युकोप्लास्ट लावा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, नाहीतर मोज्याला अडकून उलटतात. घडी पडू देऊ नका.

लहान, न दुखणारा फोड तसाच ठेवा. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर जागा आणि सुई स्पिरिटने पुसून अगदी कडेला दोन बारीक छिद्रं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी मात्र अजिबात सोलू नका. वर गॉझ, मग पट्टी. मधुमेही व्यक्तीने हे स्वतः करायचं नाही, वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जायचं.

पायांची मालिश करणारे सेवेकरी बऱ्याच मुक्कामांना असतात. तेल लावून घ्यायचं ते रात्रीच, आणि झोपण्यापूर्वी पुसून टाकायचं. तेलकट कातडीवर सकाळी पट्टी चिकटत नाही.

कातळकडा

सरावाचा हिशोब कुणीतरी मांडा.

नीराकाठ

नव्या बुटात निघण्यापूर्वी किमान ८० ते १०० किमी झाले पाहिजेत. पहिला आठवडा रोज ३-४ किमी, घरातले मोजे नकोत, वारीतलेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून शनिवारी १२ आणि रविवारी पुन्हा १२. पुढे १८-१८. सलग दुसरा दिवस महत्त्वाचा, कारण सुजलेल्या, थकलेल्या पायावर बूट काय करतो हे तेव्हाच कळतं. एक फेरी मुद्दाम बूट भिजवून चाला. बागेतल्या मातीच्या वाटेवर नको, डांबरावर. एकाच कडेने चालू नका, रस्ता कडेला उतरता असतो आणि खालच्या बाजूच्या पायावर सतत जास्त भार येतो.

शेवटचे दहा दिवस कमी करा, रोज ४-५ किमी पुरे. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा, कोपरे खोल नकोत. कुरूप असेल तर आत्ताच दाखवा, वारीच्या तोंडावर कापून घेऊ नका.

आठवड्याभराने पाय पसरतात आणि सुजतात. लोणंदच्या पुढे बूट घट्ट वाटू लागला तर चवड्यावरच्या दोन भोकांतली लेस काढून तेवढा भाग मोकळा सोडा, वरची टाचबंद मात्र तशीच ठेवा. तरी घट्टच वाटला तर जाड इनसोल काढून पातळ घाला. एक पातळ जोड ट्रकमधल्या सामानात असू द्या.

रानवारा

आभार, आईशी बोलतो. हेच बूट पुढे नर्मदा परिक्रमेला चालतील का?

कातळकडा

त्याचं गणित वेगळं. नर्मदेची लांबी १३१२ किमी, दोन्ही काठ धरले तर २६०० च्या पुढे, म्हणजे एका जोडात होणार नाही. वाटही एकसारखी नाही. शेताचे बांध, वाळू, गोटे, मध्ये शूलपाणीच्या झाडीतली चढउतार. चातुर्मासानंतर निघतात, त्यामुळे पावसाचा त्रास कमी, पण काटे आणि दगड जास्त. तिथे पायवाटेवर पळायचे बूट बरे, बारीक खाचा आणि नाकाला रबराची पट्टी असलेले. उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं, म्हणून पुढची जागा १२ मिमीच्या खाली नको. दुसरा जोड त्याच साच्याचा, घरी थोडा वापरून ठेवलेला असावा आणि कुणाकरवी वाटेत मागवावा.

मेघा_कु

शेवटचा प्रश्न. वाटेत तळ उकलला तर?

शिलाई

फेविक्विकने चिकटवू नका. तो सुकून काचेसारखा कडक होतो आणि बूट वाकला की तडकतो, वर पुढच्या डिंकाला धरही राहत नाही. मोच्यांकडे रबराचं सोल्युशन असतं, ते लावायचं. आधी दोन्ही पृष्ठभाग धुऊन पूर्ण वाळवायचे, पॉलिश पेपरने खरवडायचे, दोन्हींवर पातळ थर, १०-१५ मिनिटं थांबून बोटाला चिकट लागेल पण उतरणार नाही अशा वेळी दाबायचं, आणि सुतळीने आवळून रात्रभर ठेवायचं. ओल्या बुटावर हे टिकत नाही, म्हणून सासवडचा दुसरा मुक्काम सोयीचा, वाळवायला वेळ मिळतो.

बूट नवा असतानाच तळाला कडेने शिलाई मारून घेतली तर आणखी चांगलं. दोरा नायलॉनचा सांगा, आणि टाका तळाच्या खाचेत बसतोय हे समोर उभं राहून बघा. वर राहिलेला टाका डांबराला घासून दोन दिवसांत तुटतो. जवळ दोन मीटर नायलॉनची दोरी आणि एक जादा लेस ठेवा. तळ अगदीच लोंबला तर बुटाच्या मधून, कमानीखालून दोन वेढे घालून गाठ वरच्या बाजूला घ्या. मुक्कामापर्यंत पोहोचता येतं.